न्यायाधीशाची चिठ्ठी

१४ जानेवारी १६९७. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये उपासाचा दिवस. पाद्री सॅम्युअल विलर्ड जवळून जात असताना चव्वेचाळीस वर्षांचा एक प्रतिष्ठित गृहस्थ त्यांच्या हाती चिठ्ठी देतो. भरल्या सभेत ती वाचली जाते. वाचन सुरू होताच गृहस्थ जागच्या जागी उभा राहतो आणि संपल्यावर मान लववतो. सालेमच्या चेटूक-खटल्यांसाठी नेमलेल्या न्यायालयात आपण बसलो होतो, त्याचा दोष आणि त्याची लाज आपण स्वतःवर घेतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाच्या क्षमेसाठी सर्वांनी प्रार्थना करावी अशी विनंती करतो, असा चिठ्ठीतला मजकूर.

या सगळ्यात तो स्वतः काहीच बोलत नाही. बोलला असता तर शब्दांचा आधार मिळाला असता. आपला अपराध दुसऱ्याच्या तोंडून ऐकत उभं राहायचं, तर आधाराला काहीच नसतं.

सॅम्युअल स्यूअल. जन्म १६५२ चा, इंग्लंडातल्या हॅम्पशरचा. लहानपणीच न्यू इंग्लंडला आला, न्यूबरीत वाढला, हार्वर्डला शिकला. शिक्षण धर्मोपदेशकाचं. पण लग्न झालं ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीची टांकसाळ चालवणाऱ्या जॉन हल यांच्या मुलीशी, हॅनाशी. मग व्यापार, मग कारभार, मग न्यायासन. कायद्याचं रीतसर शिक्षण नाही. सालेमच्या त्या न्यायासनावर बसलेल्या कोणालाच ते नव्हतं. अज्ञानाची सबब तयार होती. त्याने ती पुढे केली नाही.

चूक झाली असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती आपल्या नावावर चढवून घेणारे विरळा.

१६९२ च्या मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी हे खास न्यायालय नेमलं. नऊ न्यायाधीश, प्रमुख विल्यम स्टोटन. पीडित म्हणवणाऱ्या मुली भर कोर्टात किंचाळत, अंग पिळत. समोरच्या आरोपीची छाया आपल्याला चावते, चिमटे काढते असं सांगत. ती छाया दुसऱ्या कोणाला दिसत नसे. तरी ती पुरावा म्हणून धरली गेली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी खटल्याला उभं राहायलाच तयार होईना, तेव्हा त्याच्या अंगावर दगडांचं ओझं रचत नेऊन त्याचा जीव घेतला.

चेटूक केल्याची कबुली देणारा जगला. केलं नाही असं खरं सांगणारा मेला. देवाच्या नावाने भरलेल्या न्यायालयाने खोटं बोलण्याला जीवदान जाहीर केलं होतं, आणि हे त्या देवभोळ्या माणसांपैकी कोणाला खटकू नये, याचा विचार करताना आजही जीव दडपतो.

ज्याला उत्तर देता येत नाही तो पुरावा नव्हेच. हे समजायला पदवी लागत नाही; मनातली भीती उतरावी लागते. भ्यालेला माणूस न्यायासनावर बसला की त्याची भीतीच निकाल देते.

नवांपैकी एक जण वेळेत उठला. नॅथॅनियल सॉल्टनस्टॉल. १० जूनला ब्रिजेट बिशप या बाईला पहिली फाशी झाली, आणि त्यानंतर तो न्यायालयातून बाहेर पडला. स्यूअल बसून राहिला. कोणता मोठा? सॉल्टनस्टॉलचे हात पुढच्या रक्ताने भरले नाहीत, हे खरं. पण तो गेला तो मुकाट्याने गेला. आपण का उठलो हे त्याने गावाला ओरडून सांगितलं असतं, तर कदाचित आणखी कोणी थबकलं असतं. मुकाट्याने बाजूला होण्याने माणूस स्वतःला वाचवतो, फासाखालच्याला नाही. स्यूअलने बोलायला साडेचार वर्षं घेतली. तोवर वाचवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. एकाचं शहाणपण वेळेवर आलं आणि गप्प राहिलं, दुसऱ्याचं बोललं पण उशिरा आलं. दोन्ही माणसं चांगली होती. वीस जीव गेले.

स्यूअल आपल्याला इतका जवळून कळतो तो त्याच्या डायरीमुळे. १६७४ पासून १७२९ पर्यंत, मधली काही वर्षं वगळता, तो लिहीत राहिला. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने १८७८ ते १८८२ या काळात ती तीन खंडांत छापली. तिच्यात काय नाही? वारा कुठून सुटला, प्रेताला खांदा कोणी दिला, कोणाकडे काय खाल्लं, बदाम, अंजीर, चॉकलेट. नाताळ आला की बाजारातली दुकानं नेहमीसारखी उघडी आहेत ना, गाड्या गावात येताहेत ना, हे तो पाहून लिहायचा; नाताळ पाळणं हा त्याच्यासारख्या प्युरिटनांच्या लेखी धर्मातला भेसळीचा प्रकार. केसांच्या टोपावर त्याचा भारी राग. १७०१ मध्ये पाद्री विलर्ड यांच्याच मुलाने आपले केस कापून टोप चढवला, तेव्हा हा सकाळीच त्याच्या घरी जाऊन धडकला आणि देवाने दिलेले केस पुरेसे का वाटत नाहीत, असा जाब विचारू लागला.

२९ एप्रिल १६९५ ची नोंद वाचावी. कॉटन मेदर हे नामांकित पाद्री जेवायला आलेले. एकाएकी गारांचा मारा सुरू होतो आणि नव्या घराच्या तावदानांच्या शेकडो काचा फुटतात. मेदर तिथेच प्रार्थना करतात. स्यूअल काचांचा हिशेब मांडतो आणि त्याच ओळीत देवाचा इशाराही वाचतो. त्याच्या जगात गार ही नुसती गार नव्हतीच. प्रत्येक गोष्ट कोणाचा तरी निरोप घेऊन येई. जगाकडे असं पाहणाऱ्याला एक धोका असतो आणि एक वरदान. धोका हा की मुलीच्या किंकाळीतही त्याला सैतानाची सही दिसते. वरदान हे की घरात मूल दगावलं, तर तो वैद्यावर बोट ठेवून थांबत नाही. स्वतःला तपासायला बसतो.

ज्या श्रद्धेने त्याला सालेमच्या न्यायासनावर बसवलं, तिनेच त्याला चर्चमध्ये उभं केलं. श्रद्धेवर सरसकट निकाल देणाऱ्यांनी, कोणत्याही बाजूने, इथे जरा थांबावं.

आता १६९२ सालची पानं उघडू. फुटलेल्या काचा मोजणारा हा माणूस सालेमबद्दल जेमतेम काही ओळी लिहितो. आरोपींची तपासणी पाहायला तो एप्रिलमध्ये गेला होता. नोंद दोन-तीन वाक्यांची, शेजारच्या समासात मात्र लॅटिनमधला हळहळीचा एकच शब्द तीनदा. १९ ऑगस्टला पाच जण फासावर गेले, त्यांत पाद्री जॉर्ज बरोज होता, हार्वर्डला स्यूअलच्या एकच वर्ष पुढे असलेला. फासाखाली उभं राहून त्याने प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. चेटूक करणाऱ्याला ती म्हणता येत नाही अशी समजूत होती, त्यामुळे गर्दी चलबिचल झाली. डायरीत काय? सर्वांना योग्यच शिक्षा झाली असं मेदर म्हणतात, ही नोंद. शिक्षेबद्दल स्वतःचं मत नाही. दुसऱ्याचं वाक्य तो टेकू म्हणून लावून ठेवतो.

कोरी मेल्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद तर अंगावर येते. अठरा वर्षांपूर्वी कोरीनेच एका माणसाला तुडवून मारल्याचा संशय होता, तेव्हा तो सुटला होता, असं आता सालेमहून कळतं, असं स्यूअल लिहितो. म्हणजे जे झालं त्यात काहीतरी न्याय असावा, याचा तो शोध घेतो आहे. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं गेलं, आणि आज न्यायाधीशाला त्या म्हाताऱ्याचा जुना गुन्हा सापडतो. ही घाई फार ओळखीची आहे. मेलेल्याच्या मागे त्याचा दोष हुडकत निघालेली माणसं कोणत्याही काळात, कोणत्याही गावात पाहायला मिळतात.

रोज लिहिणाऱ्याचं मौन मोजता येतं. न लिहिणाऱ्याचं मौन कोणाला सापडतच नाही. डायरीने स्यूअलवर केलेला हा उपकार की सूड, कोण जाणे. पण त्या रिकाम्या जागा त्याच्याच हस्ताक्षराच्या मधोमध राहिल्या, आणि पुढची साडेचार वर्षं तो त्याच वहीत लिहीत होता.

ऑक्टोबरअखेर ते न्यायालय मोडलं. आठवडाभराने, ६ नोव्हेंबरला, घरात एक छोटा प्रसंग. चार वर्षांच्या जोझफने पितळेची गुंडी फेकली, बहिणीच्या कपाळाला लागली, रक्त आलं. बाप आत आला तशी पोराने पाळण्याच्या आडोशाला दडायचा प्रयत्न केला. देवापासून लपणाऱ्या आदमाची आठवण झाली, असं स्यूअल खिन्न होऊन लिहितो आणि मुलाला चोप दिल्याचंही लिहितो. एकोणीस फाशा नुकत्याच होऊन गेल्या आहेत. लपणं त्याला दिसलं, मुलाचं दिसलं. माझ्या मते या डायरीतली सर्वांत बोलकी नोंद हीच, कारण ती ज्याच्याबद्दल बोलते त्याचं नाव तिच्यात नाही.

पश्चात्ताप एका रात्रीत होत नाही. त्याचे सांधे दिसतात. कॅप्टन जॉन ऑल्डन हा स्यूअलच्याच चर्चचा सभासद चेटकाच्या आरोपाखाली पकडला गेला होता. १६९३ च्या जूनमध्ये स्यूअल त्या नवराबायकोच्या घरी जातो आणि तुम्हाला जे सोसावं लागलं त्याचं वाईट वाटतं, असं सांगतो. अजून ‘माझ्यामुळे’ म्हणत नाही. पण पाय उंबऱ्यापर्यंत आले.

मग घरावर घाव बसत गेले. चौदा मुलं झाली. बहुतेक लहानपणीच गेली. १६९६ च्या जानेवारीत पोरवयातली बेट्टी जेवणानंतर हमसून हमसून रडू लागली: आपण नरकात जाणार, आपली पापं माफ झालेली नाहीत. मे महिन्यात मृत मूल जन्मलं. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्या दिवशी घरच्या वाचनात थोरल्या सॅमच्या वाट्याला मत्तयाच्या बाराव्या अध्यायातला लॅटिन उतारा आला: देवाला यज्ञाहून दया हवी, हे उमगलं असतं तर निरपराध्यांना दोषी ठरवलं नसतं, अशा आशयाचा. बापाला सालेम आठवलं. हे मात्र त्याने सरळ लिहिलं. नाताळच्या दिवशी साराला पुरलं. कुटुंबाच्या तळघरातल्या थडग्यात उतरून तो आपल्या सहा मुलांच्या शवपेट्या पाहत उभा राहिला. तो अनुभव भयाण होता आणि सुखावणाराही, असं तो लिहितो.

तीन आठवड्यांनी चिठ्ठी.

म्हणजे हा पश्चात्ताप शुद्ध नव्हता. स्वतःवर आणि कुटुंबावर बसणाऱ्या देवाच्या फटक्यांचा उल्लेख चिठ्ठीच्या सुरुवातीलाच आहे. मुलं मरत नसती तर तो उभा राहिला असता का? शंका घ्यायला जागा आहे. पण शुद्ध हेतूची वाट पाहत बसलं तर जगातलं कोणतंच ऋण फिटणार नाही. बाधित मनाने का होईना, माणूस उठला. हेतू त्याच्या देवाने तपासावेत. आपल्यासमोर कृती आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या चिठ्ठीत मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. रिबेका नर्सचं नाही, मार्था कॅरियरचं नाही, बरोजचं नाही, कोरीचं नाही. न्यायालयाचं नाव आहे, स्यूअलचं आहे, देवाचं आहे. आपलं पाप पाहताना तो इतका वाकला की ज्यांच्यावर ते केलं ती माणसं नजरेच्या टप्प्यातून गेली. पश्चात्तापातसुद्धा माणूस स्वतःलाच मध्यभागी ठेवू शकतो.

तरी त्याच्या भोवतालाकडे पाहावं. खटल्यांतल्या बारा पंचांनी मिळून माफीपत्रावर सह्या केल्या. आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पटनमने १७०६ मध्ये चर्चमध्ये माफी मागितली. न्यायाधीशांपैकी जाहीरपणे उभा राहिला तो एकटा स्यूअल. स्टोटन १७०१ मध्ये मरेपर्यंत बधला नाही. जॉन हॅथॉर्नही नाही. त्याच्या वंशात पुढे कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न जन्मला आणि खापरपणजोबांच्या पिढीचा तो डाग त्याच्या लेखणीचा पिच्छा सोडीना. बाप जे नाकारतात ते वंशजांना लिहावं लागतं.

लाज पत्करलेल्या त्याच १६९७ सालात स्यूअलने एक पुस्तक छापलं, बायबलमधल्या प्रकटीकरणावरचं. ख्रिस्ताचं नवं यरुशलेम अमेरिकेतच उभं राहील असा त्याचा दावा. त्यातल्या भाकितांवर आज कोणी डोळे खिळवत नाही. पण मध्येच तो आपल्या बालपणीच्या न्यूबरीकडे वळतो. प्लम आयलंड लाटांचा मार खात उभं आहे, मेरिमॅक नदीत सामन मासे फिरताहेत, टेकडीवर गुरं चरताहेत, मका उभा आहे. हे जोवर चालू आहे तोवर इथे देवाची माणसं जन्मत राहतील, अशा अर्थाचा तो उतारा. धर्मग्रंथाचा आकडेमोड्या एकदम कवी होतो. शिक्षा देणारा देव त्याला पुस्तकांतून मिळाला होता. आशा देणारा त्याला त्या नदीकाठी भेटला.

उभं राहिल्याने माणूस बदलतो का? स्यूअलने न्यायासन सोडलं नाही; पुढे १७१८ मध्ये तो मुख्य न्यायाधीशही झाला. १७०४ च्या जूनअखेर जॉन क्वेल्च आणि त्याच्या चाच्यांना बॉस्टनच्या पाणवठ्याकाठी फाशी दिली, तेव्हा तो हजर होता. पायाखालची फळी सुटली तशी बायकांची अशी किंकाळी उठली की मैलभर लांब घरात बसलेल्या हॅनाने ती ऐकली. वारा कुठल्या दिशेचा होता, तेही त्याने लिहिलं आहे. पण १६९२ च्या नोंदींशी ही ताडून पाहावी. इथे त्याला किंकाळी ऐकू येते. आधीच्या एकोणीस फाशांच्या वेळी डायरीत एकही किंकाळी नाही.

आणि १७०० ची गोष्ट. गिनीहून माणसं धरून आणण्याचा व्यापार त्याला पुष्कळ दिवस टोचत होता. लिहावंसं वाटे, मग ते वाटणं ओसरून जाई. जूनमध्ये एक धर्मग्रंथ वाचताना पुन्हा टोचणी लागली आणि २४ जूनला तीन पानांची पुस्तिका छापून निघाली: ‘द सेलिंग ऑफ जोझफ’. बायबलमधल्या जोझफला भावांनीच रुप्याच्या वीस नाण्यांना विकलं; सगळी माणसं आदमाची लेकरं आणि स्वातंत्र्यावर सर्वांचा सारखा हक्क; मग हा व्यापार कशाच्या जोरावर? न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध छापलेलं हे पहिलं लिखाण. उत्तर दिलं जॉन सॅफिन या दुसऱ्या न्यायाधीशाने. त्याने ॲडम नावाच्या आपल्या गुलामाला मुदतीनंतर सोडण्याचं लेखी वचन दिलं होतं आणि ते तो पाळायला तयार नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं. १७०३ मध्ये ॲडम स्वतंत्र झाला.

या पुस्तिकेतही काळोख आहे. काळी माणसं आपल्यात कधी मिसळून जाणार नाहीत, असं स्यूअल तिच्यातच लिहितो. ज्यांच्या हक्कासाठी तो भांडला त्यांना शेजारी म्हणून पाहणं त्याला जमलं नाही. हे झाकून त्याचा गौरव करू नये, आणि हे दाखवून ती तीन पानं रद्दीतही टाकू नयेत. १७१६ मध्ये करआकारणीत इंडियन आणि काळ्या माणसांची गणना घोड्या-डुकरांच्या रांगेत होऊ नये म्हणून त्याने खटपट केली. यश आलं नाही. तसं त्याने लिहून ठेवलं.

उतारवयातल्या नोंदी मला विशेष प्रिय आहेत. हॅना गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, तो कॅथरीन विन्थ्रॉप या विधवा बाईंकडे मागणी घालायला जाऊ लागला. साखरेतले बदाम नेले, हात हाती घेता यावा म्हणून हातमोजा काढण्याची विनंती केली. त्यांना घोडागाडी हवी होती आणि याने टोप घालावा असं वाटत होतं. दोन्ही जमेना. शेवटच्या भेटींत शेकोटीतलं लाकूड विझत आलं तरी कोणी नवं घातलं नाही, हेही त्याने लिहिलं. नकाराची इतकी तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या सचोटीवर मी विश्वास ठेवतो.

त्याआधी १७१८ च्या फेब्रुवारीत चर्चमध्ये स्तोत्राचा सूर लावण्याचं काम त्याने सोडलं. चोवीस वर्षं तो सूर देत आला होता. त्या दिवशी त्याने एक चाल धरली आणि सभा दुसऱ्याच चालीत गेली. तीन आठवड्यांपूर्वीही असंच झालं होतं. आपला आवाज थकला, देव आपल्याला बाजूला व्हायला सांगतो आहे, असं त्याने मानलं आणि जागा दुसऱ्याला दिली. ज्याला भर सभेत एकदा उभं राहता आलं, त्याला पुढे वेळेवर बसताही आलं.

१ जानेवारी १७३० ला तो वारला. बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत त्याला पुरलं.

वसाहतीच्या सरकारने १७११ मध्ये सालेमच्या पुष्कळशा दोषींची नावं निर्दोष केली आणि वारसांना भरपाई दिली. काही नावं राहिली. त्यांत बाविशीतली एलिझाबेथ जॉन्सन होती. तिला १६९३ च्या जानेवारीत नव्या वरिष्ठ न्यायालयाने फाशी सुनावली होती. गव्हर्नर फिप्स यांच्या तहकुबीमुळे ती वाचली, पण दोष तसाच राहिला. त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांमध्ये स्यूअलही होता. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने हे प्रकरण हाती घेतलं, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचं नाव निर्दोष केलं. त्या विधिमंडळातल्या प्रतिनिधी-सभागृहाच्या भिंतीवर १९४२ पासून एक चित्र आहे: स्यूअल चर्चमध्ये उभा आहे आणि त्याची चिठ्ठी वाचली जाते आहे.